समासातले कुंकवाचे बोट

माघ लागला की आमच्या ओसरीवर नव्या ज्वारीचे पोते येऊन पडते. आम्ही परभणीत राहावयास आलो त्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्या गावाकडचे, चारठाण्याचे शेत बटाईने दुसरे हात कसतात. तरी पोत्याची सुतळी सुटली की ते सगळे शेत चालत घरात येते. कडब्याची कोरडी गोडी, खळ्यावर सारवलेल्या मातीचा वास, आणि कणसांची ती बारीक कूस, जी एकदा मानेला लागली की दिवसभर खाजवीत बसावे लागते. माझी पत्नी यमुना पहिली ओंजळ सुपात घेते, पाखडते, आणि देवापुढच्या चौरंगावर, लाल वस्त्रात बांधलेल्या पोथीशेजारी नेऊन ठेवते. त्या संध्याकाळपासून पौर्णिमेपर्यंत मी पोथी वाचतो. पूर्वी गावी देवळाच्या सभामंडपात वाचत असे. आता घरातल्या चार माणसांपुढे वाचतो. पोथीला त्याचे काही वाटत असेल असे मला वाटत नाही.

यंदा ज्वारी आल्याच्या पाचव्या दिवशी आमची मुलगी तुळसा आणि जावईबापू आले, आणि आले ते भांडतच आले. तुळसेने तरुणपणी वाचलेल्या एका कादंबरीचा कोणी सिनेमा केला होता, आणि तो दोघांनी आदल्या रात्री दूरदर्शनवर पाहिला होता.

"अहो, पण त्यातली आत्या कुठंय? आख्खी आत्याच गाळून टाकली," तुळसा चपला काढता काढता म्हणत होती.

"आत्या नव्हती म्हणूनच वेळेत संपला. पुस्तकात ती पन्नास पानं नुसते पापड लाटते."

"तुम्हाला पापड दिसले. मला त्या पापडांत तिचा सगळा जन्म दिसला."

"मग मी तेच म्हणतोय. तुला दिसला, मला नाही. पडद्यावर निदान दोघांना एकच दिसतं."

वाद अडला की तुळसा माझ्याकडे वळते, ही तिची लहानपणापासूनची सवय. "बाबा, तुम्ही सांगा. पुस्तक मोठं की सिनेमा?"

मी काही बोलण्यापूर्वीच यमुना सुपामागून हसली. "त्यांना काय विचारतेस? त्यांनी जन्मात एकच सिनेमा पाहिला. तोही शेवटाकडून."

हे अगदी खरे आहे. आणि तो पाहिला नसता तर आज ओसरीवर उभे राहून मला हा प्रश्न विचारणारी कोणी असती की नाही, हे मला ठाऊक नाही.

गोदाकाठच्या ज्या पाठशाळेत मी शिकलो, तिथे आमच्या गुरुजींनी काव्याचे दोन भाग प्रथमच सांगून ठेवले होते : जे पाहावयाचे ते दृश्य आणि जे ऐकावयाचे ते श्राव्य. दोहोंत थोर कोणते, असे एकाने विचारले असता गुरुजी नुसते हसले आणि म्हणाले, "डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. देवाने हे असे का केले असेल, त्याचा विचार कर." आम्ही सर्वांनी मनोमन श्राव्याच्या पारड्यात कौल टाकला. मी तर वडिलांकडून आलेली पुराणिकाची वृत्ती चालवणार होतो. माझा कौल जन्मापूर्वीच पडलेला होता.

आमची पोथी तुळसा तेलिणीची. गोदाकाठच्या पुष्कळ गावांत ती वाचतात. तुळसा ही विधवा. घाण्यावर तेल काढावे, लेकराला कडेवर घ्यावे आणि नदी उतरून पलीकडच्या देवळात सांजेचा दिवा लावावा, एवढेच तिचे आयुष्य. पाचव्या अध्यायात नदीला अवचित पूर येतो. ती नदीच्या मध्यावर, उतारात असतानाच लोंढा येतो आणि कडेवरचे लेकरू पाण्यात जाते. तिथे अध्याय संपतो. सहाव्या अध्यायाच्या आरंभी पलीकडच्या तीरावर, कोणी न लावता, दिवा लागलेला तिला दिसतो, आणि त्या दिव्याखाली तिचे लेकरू कोरडे ठणठणीत खेळत बसलेले असते.

कवीने अध्याय जिथे तोडला तिथे वाचणाऱ्याने मात्र थांबावयाचे नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. संकटाच्या ओवीवर पोथी बांधीत नाहीत. पाचवा संपला तरी सहाव्यात शिरून, लेकरू आईच्या कुशीत येईपर्यंत वाचावयाचे आणि मगच वस्त्र गुंडाळावयाचे. वडिलांनी सहाव्या अध्यायाच्या समासात त्या ओवीशेजारी कुंकवाचे बोट उमटवून ठेवले होते : इथे थांबावे. ते म्हणत, "ऐकणारा उठून घरी जातो, पण आपण त्याला जिथे सोडतो तिथेच तो रात्रभर असतो. त्याला पुरात सोडू नये."

ही गोष्ट हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतरच्या सुग्यांपैकी एकीची. भीतीचे वर्ष मागे पडले होते. माणसे दिवेलागणीला पुन्हा दाराबाहेर बसू लागली होती. कचेरीतले कागद कोणत्या लिपीत लिहावेत याचा घोळ अजून मिटावयाचा होता, पण ज्वारीला त्याचे काही नव्हते. त्या वर्षी ती पुरुषभर उंच आली. खळ्याखळ्यांवर मधल्या खांबाभोवती बैल फिरत, त्यांच्या तोंडाला मुसकी, आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या माणसाचे एकसुरी हाकारणे दुपारभर ऐकू येई. उन्हात उधळलेले भूस देवळाच्या जुन्या दगडी खांबांवर येऊन बसे, आणि मी संध्याकाळी पोथी सोडण्यापूर्वी उपरण्याने व्यासपीठ झटकीत असे.

यमुनेला सातवा महिना होता. त्यापूर्वी दोनदा तिची ओटी भरावयाच्या आतच रिकामी झाली होती. आम्ही दोघे त्याविषयी बोलत नसू. ती पायरी जपून उतरे, मी विहिरीचे पाणी स्वतः शेंदून आणी, आणि देवापुढे बसलो की माझ्या मुखातून नेहमीचे स्तोत्र निघे. पण मनात एकच मागणे असे, जे मी संस्कृतातही म्हणत नसे आणि मराठीतही.

त्या माघात करीमभाईचा फिरत्या सिनेमाचा तंबू गावात आला. कापणी झालेल्या रानात, धसकटांवरच त्याने खांब रोवले. हा माणूस हैदराबादचा, पण आमच्या भागातल्या सगळ्या जत्रा आणि बाजार त्याला पाठ होते. डफडे वाजवीत त्याची बैलगाडी गल्लोगल्ली फिरली, आणि भोंग्यातून जे नाव ऐकू आले त्याने माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मुंबईकडच्या कुणीतरी आमच्या तुळसा तेलिणीचा बोलपट केला होता. गाडीवरच्या रंगीत कापडावर ती उभी होती : भुवया कोरलेल्या, ओठ लाल, हातात निरांजन.

मला राग आला असे म्हणता येणार नाही. धास्ती वाटली. इतकी वर्षे सभामंडपात बसलेल्या प्रत्येकाची तुळसा निराळी होती. माझ्या तुळसेला माझ्या आईचा चेहरा होता. ते मी कुणाला सांगितले नव्हते, आणि पोथीनेही मला कधी हटकले नव्हते. आता साऱ्या गावाला एकच चेहरा मिळणार, आणि तो भुवया कोरलेला. शिवाय एवढा झगझगीत देव समोर येऊन उभा राहिल्यावर कंदिलाच्या उजेडात माझ्या तोंडून तो ऐकावयास कोण येणार? वडिलांनी जी पोथी मंडप भरून चालवली, ती माझ्या हयातीत रिकाम्या दगडांना ऐकवावी लागणार, या विचाराने मला घास गोड लागेना.

बाजाराच्या दिवशी तंबूत पहिला खेळ होता. शेजारची गिरजाबाई परसातून डोकावली. गिरजाबाई म्हणजे कुणब्याची बाई, पण गावातली निम्मी लेकरे तिच्याच हातून जगात आलेली. तिने विचारले, "महाराज, वहिनींना नेऊ का तुळसामायचा पिच्चर बघायला? समद्या बाया चालल्यात. मी हाय की संगं."

मी यमुनेकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी हौस दिसली. "जा," म्हणालो. "देवाचंच आहे."

त्या संध्याकाळी मंडपात माझ्यासमोर एकटे मारोती आबा बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, काठी मांडीवर आडवी.

"आबा, तुम्ही एकटेच आलात. तुमची भक्ती मोठी," मी म्हणालो.

"भक्ती कशाची, महाराज? मला पिच्चर दिसत न्हाई म्हनून आलो. तुमी वाचा. मी हाय, द्यव हाय, बास की."

मी वाचले. योगायोगाने त्या दिवशी पाचवाच अध्याय होता. पूर आला, लेकरू गेले, मी सहाव्यात शिरलो आणि कुंकवाच्या बोटापर्यंत जाऊन थांबलो. तंबूतल्या इंजिनाची धडधड रानातून ऐकू येत होती. आबा म्हणाले, "तुमचं इंजन बरंय, महाराज. धूर न्हाई."

मी घरी येऊन बसलो. यमुना आली ती सरळ आत गेली. गिरजाबाईने दारातूनच सांगितले, "मशीन मधीच थांबलं, महाराज. शेवटचा डबा आलाच न्हाई मने. लेकरू पान्यात गेलं अन् पांढरा पडदा. समद्या बाया रडायल्या. करीमभाई म्हनला, उद्या येईल, उद्या बघा."

एकच प्रत दोन तंबूंत फिरत असे. पेडगावच्या तंबूतून निघालेल्या रिळांच्या डब्यांतला शेवटचा डबा परभणीहून इकडे येणाऱ्या मोटारीत चढवावयाचा राहिला होता. एवढेच झाले होते. कुणाचा त्यात दुष्टपणा नव्हता. परंतु सबंध गावाला त्या यंत्राने पुरात सोडून दिले होते.

यमुनेने ताट पुढे घेतले आणि तसेच मागे सारले. मी म्हणालो, "अगं, तुला तर पुढचं पाठ आहे. लेकरू वाचतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

पहाटे स्नान करून मी तिच्याजवळ बसलो आणि सहावा अध्याय वाचला. तिच्यासाठी मुद्दाम सावकाश. ओवी न् ओवी तिला येत होती; तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. कुंकवाच्या बोटापाशी मी थांबलो. ती म्हणाली, "ऐकलं. पण मी पाहिलं ते पुसलं जात नाही हो. त्याचा हात वर आला होता. एवढासा. पोथीत हात नाही."

खरेच, पोथीत हात नाही. पोथीत 'बाळ वाहिले' एवढेच आहे. मी शेकडो वेळा वाचले असेल, आणि शेकडो माणसांनी ऐकले असेल. प्रत्येकाने आपल्याला सोसेल तेवढेच पाणी पाहिले असेल. श्राव्याची ती दया आहे. ऐकणारा आपल्या पुराची खोली आपण ठरवतो. पडद्याने ती सवड दिली नव्हती. आणि आता तो हात माझ्या वाणीने खाली जाईना. आयुष्यात प्रथमच पोथी माझ्या मांडीवर असूनही मला काय करावे ते सुचत नव्हते.

दुपारी यमुना माझ्याजवळ आली. भिंतीला हात टेकवून म्हणाली, "सकाळपासून हलत नाही."

मी गिरजाबाईला बोलावले. तिने यमुनेला निजवले, पोटावरून हात फिरवला, कान लावला, आणि बाहेर येऊन पदराने हात पुसत राहिली. "जीव हाय. पर गप बसलंय. भेदरलेल्या बाईचं लेकरू बी भेदरून बसतं, महाराज. तिला हसवा कसंबी. रात्रीतून हललं न्हाई तर सकाळी गाडी जुंपून जिंतूरला न्यावं लागंल."

"मी सकाळी पोथी वाचून दाखवली," मी म्हणालो.

"पोथीनं पुन्य लागतं. हसू न्हाई येत," गिरजाबाई म्हणाली, आणि तिचे बोलणे तिलाच जास्त वाटले म्हणून पुढे पुटपुटली, "तसं न्हाई मनत मी."

मी उपरणे खांद्यावर टाकले आणि मोटार-अड्ड्यावर गेलो. पिंपळाखाली करीमभाई पत्र्याच्या खुर्चीवर बसून रस्त्याकडे पाहत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"महाराज, आप? इधर?"

"शेवटचा डबा येणार का आज?"

"आना तो चइए. नई आया तो मेरेकू गाँव में मुँ दिखाना मुश्किल है. सुबे से औरतां पूछ रई, वो बच्चे का क्या हुआ. मैं बोला, माँ, बच गया. तो बोलते, दिखाव."

मीही त्याच्याशेजारी बसलो. ज्या डब्यापासून माझ्या पोथीला धोका आहे असे मी गेले काही दिवस समजत होतो, त्याची वाट पाहत मी इतक्या आतुरतेने बसलो होतो, की लांबवर धूळ दिसली की करीमभाईच्या आधी मीच उठे. दोनदा ती कडब्याच्या गाड्यांची निघाली. करीमभाईला मी घरचे काही सांगितले नव्हते. पण माझ्या तोंडावर ते लिहिलेले असावे. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला, मग आपणच मागे घेतला आणि हॉटेलातल्या जोशांच्या पोराला हाक मारून माझ्यासाठी निराळे पाणी आणवले. ते पाणी मी प्यालो, आणि त्याने ज्या अदबीने ते आणवले ते अजून विसरलो नाही.

ऊन कलल्यावर मोटार आली. टपावर कापसाची बोचकी, कोंबड्यांची खुराडी, आणि त्यांच्या मधोमध दोरीने आवळलेला एक गोल पत्र्याचा डबा. करीमभाई स्वतः शिडी चढला. डबा हातात घेऊन खाली उतरला आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, "लो महाराज. बच्चा आ गया."

घरी येऊन मी यमुनेला म्हणालो, "चल. शेवट पाहून येऊ."

"तुम्ही?"

"मी."

त्या संध्याकाळी मंडपात पोथी उशिरा लागेल असा निरोप मी मारोती आबांना धाडला. निरोपामागोमाग आबाच काठी टेकीत आले. "महाराज पिच्चरला निघाले तर मी मंडपात काय खांबांना सोबत करू? मी बी येतो."

तंबूत शिरलो तर धसकटांवर गोणपाटे टाकून सारे गाव बसले होते. मधोमध कनात, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. मला पाहून आधी कुजबूज आणि मग जागा झाली. मी कनातीला लागूनच बसलो. पलीकडे गिरजाबाईने यमुनेला बसवले होते. करीमभाईने शेवटचाच भाग लावतो म्हणताच गलका उठला : पुरापासून दाखवा. तेव्हा त्याने पुरापासून लावले. आणि आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला दिसत न्हाई, महाराज. तुमी सांगत ऱ्हावा."

अशा रीतीने मी जन्मातला पहिला सिनेमा पाहिला तो मोठ्याने सांगत सांगत. नदी फुगली, मी सांगितले. ती उतारात आली, मी सांगितले. सवयीने माझा स्वर पोथीचाच लागला. पुढच्या रांगेतली माणसे वळून हसली, पण कुणी गप्प बसा म्हणाले नाही. तो लहानसा हात पाण्यावर आला, तोही मी सांगितला. मला पुढचे माहीत होते आणि आबा ऐकत होते, म्हणून मी स्वर मोडू दिला नाही. "घाबरू नका, आबा. दिवा लागणार आहे," मी म्हणालो. कनातीपलीकडे यमुनेने त्या वेळी डोळे मिटून घेतले होते आणि ती पडद्याऐवजी माझा आवाज ऐकत होती, हे तिने मला नंतर सांगितले.

पलीकडच्या तीरावर दिवा लागला. तो पोथीतल्यापेक्षा फारच मोठा लागला, आणि भोवती धुरासारखे काही सोडले होते. दिव्याखाली लेकरू बसलेले. "उघडा डोळे, वहिनी," गिरजाबाईचा आवाज आला. तुळसा चिखल तुडवीत, पडत, उठत त्याच्यापर्यंत पोहोचली. इथे पोथीत लागलीच देवाची स्तुती सुरू होते. मी ती म्हणावयास तोंड उघडले आणि तसाच थांबलो. कारण पडद्यावरच्या तुळसेने लेकराला उचलले, त्याच्याकडे क्षणभर रागाने पाहिले आणि त्याच्या पाठीत एक चापट मारली. मग त्याला छातीशी घट्ट धरले.

"काय झालं? गप का, महाराज?" आबांनी विचारले.

"तिनं त्याला चापट मारली."

आबा खदखदा हसले. "बरं केलं. लय ताप दिला की त्यानं."

सारा तंबू हसत होता. रडणाऱ्या बाया रडता रडता हसत होत्या. त्या सगळ्या हसण्यातून मला एक हसणे वेगळे ऐकू आले. गेल्या दोन वर्षांत ते मी ऐकले नव्हते, तरी चटकन ओळखले.

बाहेर पडलो तेव्हा चांदणे होते. धसकटांतून यमुना जपून पावले टाकीत होती. गिरजाबाई दोन पावले मागे राहिली. रानाच्या बांधाशी यमुना थांबली आणि खाली पाहत म्हणाली, "हललं."

देवळाचा कळस तिथून दिसत होता. त्याच्याकडे पाहून मी हात जोडले. मग न कळत वळून तंबूकडेही जोडले गेले. ज्याने माझे मागणे ऐकले तो कुठल्या वाटेने आला, याचा हिशेब करण्याचा अधिकार मला नव्हता. अंगातून इतका भार उतरला होता की घरापर्यंत चालत गेलो ते मला आठवत नाही. यमुनेने त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या संध्याकाळी मी मंडपात गेलो तो पायऱ्यांवरच थबकलो. आत बसावयास जागा नव्हती. खळ्यावरची माणसे भूस न झटकताच आली होती. बायका खांबाखांबांना टेकून बसल्या होत्या. मी पोथी सोडण्याआधीच प्रश्न सुरू झाले. सिनेमात देव दोनदा भेटतो, पोथीत कितीदा? तो सावकार पोथीत हाय का त्यांनी घुसवला? एक जण म्हणाला, "घान्यावरची बाई अन् लुगड्याला तेलाचा एक डाग न्हाई. ह्ये काय खरं वाटत न्हाई." पोथीत तिचे लुगडे 'तेलकट, जीर्ण' आहे असे मी वाचून दाखवताच त्याने विजयी मुद्रेने सभोवार पाहिले. मी ज्याला पोथीचा वैरी समजत होतो त्याने तिला वकील मिळवून दिले होते.

मग गिरजाबाईने विचारले, "महाराज, ती चापट कुठंय पोथीत?"

"पोथीत चापट नाही."

ती थोडा विचार करून म्हणाली, "मंग लिवनाऱ्याला लेकरू नसंल."

सगळे हसले, मीही हसलो. कवीचा अधिक्षेप ऐकून हसण्याची ती माझी पहिलीच वेळ. परंतु तो संतकवी तिथे असता तर तोही हसला असता, अशी माझी श्रद्धा आहे. त्याच्या दृष्टीपुढे देव होता. आईकडे पाहण्याचे त्याला राहून गेले. पडद्यावाल्यांच्या दृष्टीपुढे आई होती. देव त्यांना धुराने दाखवावा लागला. ज्याचे जे राहिले ते दुसऱ्याने भरावे, यात कमीपणा कुणाचा? आणि त्या दोघांनाही जे करता येत नाही ते मंडपातल्या एखाद्या साध्या पुराणिकाला करता येते. समोर कोण बसले आहे ते तो पाहतो. कुणाचे लेकरू रडत असेल तर थांबतो; कुणाला धीर सुटत असेल तर न थांबता पुढे जातो. छापलेले पान आणि फिरणारे रीळ ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत. वडिलांनी समासात लावलेले ते बोट पोथीचे नव्हतेच. ते ऐकणाऱ्यांचे होते.

त्या वर्षापासून सहावा अध्याय वाचताना तुळसा लेकरापाशी पोहोचली की मी श्वासभर थांबतो. पोथीत एक अक्षर अधिक घालण्याचे धाडस मला होणार नाही, पण थांबण्यास कुणाची हरकत नसावी. चारठाण्याच्या मंडपात त्या थांबण्यात दरवर्षी हसू पिकत असे. तंबू पुढे आला नाही तरी ते पिकत राहिले, आणि ज्यांनी तो सिनेमा पाहिला नव्हता ती माणसेही हसत.

वैशाखात मुलगी झाली. गिरजाबाईने तिला उलटी धरून पाठीत चापट मारली तेव्हा ती रडली, आणि आतून यमुनेचे हसणे आले. नाव काय ठेवावयाचे हे मला कुणी विचारले नाही.

हे सारे मी ओसरीवर काही सांगितले नाही. तुळसेला त्यातले बरेच ठाऊक आहे; आईने आपल्या परीने सांगितले असेल. सांजवेळ झाली, मी हातपाय धुऊन चौरंगापाशी बसलो आणि पोथी सोडली. यंदा जावईबापूही मांडी घालून बसले. पाचवा अध्याय होता. पूर आला, लेकरू पाण्यात गेले, आणि नेमकी त्याच ओवीला वीज गेली. माझे डोळे आता आबांच्या वाटेला लागले आहेत. मी बोट ओवीवर ठेवून बसलो.

"राहू द्या, बाबा. उरलेलं उद्या," जावईबापू म्हणाले.

"तिथं नाही थांबायचं," यमुना अंधारातून म्हणाली. काडी ओढल्याचा आवाज झाला आणि समईची वात धरली. तेवढ्या उजेडात अक्षरे मला दिसणार नव्हती, पण सहाव्याला अक्षरे लागत नाहीत. मी म्हणत गेलो. पलीकडच्या तीरावर दिवा लागला. तुळसा चिखलातून लेकराकडे गेली, आणि मी श्वासभर थांबलो.

"विसरलात का?" जावयांनी हळूच विचारले.

"विसरले नाहीत," यमुना म्हणाली. "तिथं ती त्याला एक चापट मारते."

"पोथीत तसं नाहीये, आई," तुळसा म्हणाली.

"नसू दे."

मी पुढची ओवी उचलली आणि कुंकवाच्या बोटापर्यंत जाऊन थांबलो.